डोहाची अंडी

पहाटे अंघोळ झाली की तुळशीला पाणी घालायचं, महादेवाच्या देवळात जाऊन गाभाऱ्यापुढच्या दगडी कासवाच्या पाठीला हात लावायचा आणि मग खाली डोहावर जाऊन तिथल्या जित्या कासवांना भाताचे घास टाकायचे. एवढं होईपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही. हा नेम माझ्या सासूबाईंचा. त्या गेल्यावर तो माझ्याकडे आला. आमचं गाव कर्जतच्या खालच्या अंगाला, उल्हास नदीच्या काठी. घरात माझ्या मौनाची सगळ्यांना सवय झालेली. आमचे मालक आबाजी सकाळी मला काही विचारायचं असलं की स्वतःच विचारायचे, स्वतःच उत्तर द्यायचे आणि समाधानानं शेतावर जायचे.

डोहाच्या काठाला एक जुना उंबर आहे. त्याच्या मुळाशी शेंदूर लावलेले सात दगड. त्या आसरा, पाण्यातल्या बाया. त्यांचं नाव घेताना आमच्याकडे आवाज आपोआप खाली येतो. नवी नवरी, पोटुशी बाई, ओली बाळंतीण यांनी तिकडे एकटं जायचं नाही, गेलं तर मागं वळून बघायचं नाही. डोहातली कासवं त्यांची लेकरं मानतात. मऊ पाठीची, लांबट नाकाची कासवं. घास पडला की हिरव्या पाण्यातून नाकाचं टोक तेवढं वर येई, घास जाई आणि पाणी पुन्हा जसंच्या तसं. इतक्या वर्षांत मी त्यांतलं एखादंच पुरतं पाहिलं असेल.

ब्याऐंशीच्या मार्गशीर्षात वनखात्याचे गार्ड मालोजी आमच्या दारात आले. हातात घमेलं, घमेल्यात वाळू आणि चेहरा असा की वाटेत कुणी धक्का दिला असता तर रडले असते.

"सोनूवहिनी, हे तुमच्याकडं ठेवायचं हाय," ते म्हणाले. "डोहापलीकडच्या वाळूच्या दांड्यावर रेतीवाले खणतायत. कासवानं रात्री अंडी घातली, सकाळी फावड्याखाली आली. उरली तेवढी उचलली."

त्यांनी वाळू बाजूला केली. लिंबाएवढी गोल, पांढरीशुभ्र अंडी. प्रत्येकाच्या डोक्यावर पेन्सिलीचा एक ठिपका.

"हा ठिपका वरच राहायला पायजे," मालोजी म्हणाले. "कोंबडीच्या अंड्यासारखं फिरवायचं नाय. आतला जीव वरच्या बाजूला चिकटून वाढतो. उलटं झालं की त्याचं बिनसतं. आन् मुदत लांब हाय, वहिनी. पावसाळा लागेस्तवर. पिल्लं निघाली की परत नदीत सोडायची. साहेबांनी गावोगाव असं करायचं ठरवलंय. ही कासवं फार कमी राहिलीत."

"माझ्याच दारात का?" मी विचारलं.

"तुमी त्यांना रोज जेवाया घालता. दुसऱ्या कुणाच्या दारात ठेवली तर कालवण व्हईल त्यांचं."

मला हसू आलं आणि मी हो म्हणाले. नेम धरला त्याच जीवांचा. त्यांची अंडी दारात आली तर नाही कसं म्हणायचं? परसात कुडाच्या आत, जिथं पागोळीचं पाणी येत नाही अशा जागी मालोजींनी खड्डा खणला, नदीची वाळू भरली, एकेक अंडं ठिपका वर करून ठेवलं आणि वरून तारेची जाळी पालथी घातली. ते चालले होते तेवढ्यात आमच्या आत्याबाई आल्या. बायजा आत्या, आबाजींच्या वडिलांची बहीण. नवरा गेल्यापासून आमच्याच शेजारी घर करून राहिलेल्या, तोंडानं फटकळ, कोंबड्या पाळून असलेल्या.

"काय रं मालोजी, सरकारनं आता अंडी उबवायला काढली व्हय? माझी खुडूक कोंबडी बसव त्यावर. कासवाला पंख फुटतील."

"आत्या, वाळूच उबवते यांना."

"आन् आई कुठं गेली?"

"आई घालून निघून जाते. मागं फिरून बघत नाय."

आत्याबाईंचं हसणं तिथंच थांबलं. त्या जाळीकडे वाकल्या. "कुठल्या दांड्यावरची म्हणालास?"

"डोहावरची."

त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि पदर डोक्यावर ओढून घेतला. त्या दिवशी त्या काही बोलल्या नाहीत.

बोलल्या त्या चैत्रात, मैना बाळंतपणाला आली तेव्हा.

मैना माझी एकुलती एक. चौक गावी दिलेली. जावई पोपटराव हायवेवरच्या गॅरेजात मिस्त्री, माणूस शांत. लग्नाला पाच वर्षं होत आली होती. दोनदा दिवस राहिले आणि दोन्ही वेळा पोटातच गेलं, दुसरं तर सातव्यात. त्यानंतर तिचं बोलणं कमी झालं. या खेपेला सातवा सरला आणि मग कुठं तिच्या सासूनं तिला टेंपोतून हळू आणून पोचवलं. जाताना मला बाजूला घेऊन म्हणाली, "विहीणबाई, ह्या वक्ताला रिकाम्या हातानं धाडू नका." वाईट मनानं नाही म्हणाली. तिलाही भीतीच होती.

मैना परसात आली, जाळी पाहिली. "आये, हे काय गं?"

मी सांगेपर्यंत आत्याबाईंनी सांगून टाकलं. "आसरांची हायती. तुझ्या आयेनं सरकारासाठी सांबाळाया घेतलीत. मी म्हणते, घरात पोटुशी लेक येणार माहीत असताना पाण्यातल्या बायांची कूस उचलून आपल्या दारात पुरतं का कोणी?"

"आत्याबाई!" मी म्हणाले.

"माझं तोंड दाब. त्यांचं कोण दाबणार?"

मैना पोटावर हात ठेवून घरात गेली. त्या दिवसापासून ती परसात जाताना भिंतीला चिकटून जाऊ लागली. अंघोळीचं पाणी मी आत नेऊन द्यायची.

मी तिला धीर द्यायची, पण माझा स्वतःचा धीर कुठं होता? मी आसरांना मानते. आजही मानते. देवळातल्या कासवाला हात लावताना मनात म्हणायची, बायांनो, मी चोरून आणलं नाही, फावड्याखालून वाचवलंय, तुमचंच तुम्हाला परत देणार आहे. पण डोहावर जाऊन घास टाकला आणि नाक वर आलं नाही की मी दुसरा घास टाकून वाट बघे. एकदा सलग तीन सकाळी भात तसाच तरंगत राहिला. मी घरी येऊन कुणाला सांगितलं नाही. मैनाच्या हातातला हिरवा चुडा त्याच दुपारी पाट्याला लागून पिचला. तुकडे मी पदरात गोळा केले आणि ती जरा आडवी झाली तेवढ्यात उकिरड्यावर टाकून आले.

आबाजींना विचारलं. ते बैलांना पेंढा टाकत होते.

"परत ठेवायची म्हणतेस? कुठं? दांड्याची उंच पाठ तर रेतीवाल्यांनी नेली. उरलाय तो सखल भाग, वरनं पाणी सुटलं की बुडतो. तिथं ठेवली तर मेली म्हणून समज."

"मग मालोजींना द्यावी. त्यांनी न्यावी खालापूरला हापिसात."

"न्यायची तर नेऊ दे. पण हलवायची नाय म्हणाला व्हता ना?" मग थोडं थांबून म्हणाले, "पोरगी भ्यालीय का तू भ्यालीस?"

"दोघी."

"मी बी भ्यालोय," ते म्हणाले आणि पुन्हा पेंढा टाकू लागले.

मालोजींना निरोप धाडला. ते येईपर्यंत आठवडा जाणार होता. त्या आठवड्यात एका दुपारी मैना माझ्याजवळ बसून तांदूळ निवडत होती. सुपातले खडे काढता काढता म्हणाली, "आये, त्यांनी बदल्यात मागितलं तर?"

"कोणी?"

"तुला ठावं हाय कोणी."

"त्या आया आहेत, मैने. आईला आई कळते."

"मी तर दोनदा कळले नाय त्यांना," ती म्हणाली. सूप खाली ठेवून आत गेली. उरलेले तांदूळ मीच निवडले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तुळशीला पाणी घालत होते. मैना उंबऱ्यावर येऊन उभी राहिली. न्हालेली, नवं लुगडं नेसलेली, हातात ओटीचं ताट: खण, नारळ, तांदूळ, हळदकुंकू, हिरव्या बांगड्या. काखेत टोपली.

"आये, मी त्यांचं त्यांना देऊन येते. जाऊ?"

मी मान हलवली, हात वर केला. थांब, असं म्हणायचं होतं. पाण्याची धार तुटू द्यायची नाही म्हणून मी धार संपवली, प्रदक्षिणा घातली आणि वळले. उंबरा रिकामा होता. मला वाटलं, आत गेली. देवळातून आल्यावर तिला जवळ घेऊन समजावू, असं मनाशी ठरवून मी देवळात गेले. दगडी कासवाच्या पाठीवर हात ठेवला आणि तो हात तिथंच राहिला. ओटीच्या ताटाबरोबर टोपली कशाला?

मी मागं धावले. परसात जाळी बाजूला पडलेली, वाळू उकरलेली, खड्ड्यात बोटांचे ठसे. एकही अंडं नाही.

तिनं मला विचारलं ते मी बोलत नसते त्याच वेळी. नंतर तिनंच सांगितलं, "तू बोलली असतीस तर नाय म्हणाली असतीस. म्हणून तवाच विचारलं."

नदीकडे उतरताना मला कुणी भेटलं असेल तर आठवत नाही. आमच्या नदीचं एक आहे. वरच्या अंगाला वीजघर आहे, ते चालू झालं की घाटावरचं पाणी नदीत उतरतं. वैशाखात इतर नद्या आटतात तेव्हा आमची दिवसातून एकदा भरते. वेळ ठरलेली नसते. मुंबईला वीज जास्त लागली की पाणी लवकर येतं, असं सगळे म्हणतात. म्हणून धुण्याच्या जागेवर आम्ही बायका एका दगडाकडे लक्ष ठेवतो. बसलेल्या म्हशीसारखा तो दिसतो. पाणी त्याच्या पाठीला लागलं की हातातलं धुणं टाकून वर यायचं. कपडा गेला तरी चालेल, मागं वळायचं नाही. लेकी चालायला लागल्या की आधी हा दगड दाखवतो आम्ही त्यांना.

मी काठावर आले तेव्हा दगडाची पाठ ओली झाली होती.

मैना पलीकडे होती. डोहाच्या खाली जिथं पाणी गुडघाभर असतं तिथून ती वाळूच्या दांड्यावर गेली होती आणि माझ्याकडे पाठ करून गुडघ्यांवर बसली होती. पुढं टोपली. तिच्या आणि माझ्यामधलं पाणी आता गुडघाभर नव्हतं. वरून येणाऱ्या पाण्याला आवाज नसतो. फक्त काठच्या लव्हाळ्याचे शेंडे सगळे एकाच दिशेला वाकतात. ते वाकत होते.

माझा नेम अजून पुरा झाला नव्हता. भाताची वाटी घरीच राहिली होती. उंबराखाली सात दगड माझ्या उजव्या हाताला, त्यांच्यापुढं मैनानं मांडलेली ओटी. खणावर कुंकू सांडलेलं. इतक्या वर्षांत या काठावर भात टाकण्याआधी मी ओठ उघडले नव्हते. तापात नाही, मैनाच्या लग्नाच्या दिवशीही नाही. आसरांच्या डोळ्यांदेखत नेम मोडला आणि त्यांनी तिथंच, त्याच क्षणी माझ्या लेकीला...

मी ओरडले.

"मैने! पाणी सुटलं गं! वर ये!"

माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. उंबरावरचे बगळे उठले. मैनानं मान वळवली. मला पाहिलं, माझं उघडं तोंड पाहिलं आणि ती जास्तच भ्याली. उठली नाही.

"मैने, ऐक, दगड भिजला! ये!"

"आये, खड्ड्यात पाणी येतंय," ती रडत ओरडली. "जिथं खणते तिथं खालनं पाणी येतंय. कुठं ठेवू मी यांना?"

मग मी पाण्यात उतरले. लुगडं कासोट्याला खोचलं, पाय टाकला आणि वाळू पायाखालून सरकली. पाणी गार. घाटावरचं पाणी वैशाखातही गार असतं. मांडीपर्यंत आलं, मग कमरेपर्यंत. मी उजव्या हाताला डोहाकडे बघत नव्हते. बघितलं असतं तर पाऊल उचललं नसतं. तोंडानं मी काहीतरी म्हणत होते, शिव शिव म्हणत होते की मैना मैना म्हणत होते, देव जाणे.

दांड्यावर पोचले तेव्हा तिच्या भोवतीचं वाळूचं वर्तुळ अंगणापेक्षा लहान झालं होतं. तिनं तीन ठिकाणी खणलं होतं. तिन्ही खड्ड्यांत गढूळ पाणी चढलेलं. अंडी टोपलीत, तिच्या जुन्या ओढणीवर.

"घाल की पाण्यात, त्यांचीच हायत ना," असं मी म्हणाले. का म्हणाले कळत नाही. तिला लवकर उठवायचं होतं.

"पाण्यात मरतील," मैना म्हणाली. माझ्याकडे असं पाहिलं जसं मीच काही पाप बोलले. "आये, यांना पाणी चालत नाय आत्ता. मला माझं जगवायचंय म्हणून मी यांना बुडवू? मग त्या मला काय म्हणतील?"

"उठ."

"मला नेता बी येईना, ठेवता बी येईना."

"तू तुझं पोट सांभाळ. टोपली माझ्या डोक्यावर दे."

तिनं आधी ठिपके बघितले. हो, पाणी घोट्याला लागत होतं आणि माझी लेक एकेक अंडं बघत होती. दोन-तीन कलंडली होती, ती सरळ केली. घरातून येताना वाटेत किती कलंडली असतील ते तिला ठाऊक नव्हतं. मी टोपली डोक्यावर घेतली. एका हातानं ती धरली, दुसऱ्या हातानं मैनाचं मनगट.

परत येताना पाणी माझ्या छातीला लागलं. मैना माझ्यापेक्षा उंच, म्हणून तिच्या पोटाच्या वरपर्यंत. मधोमध तिचा पाय घसरला. तिचं मनगट माझ्या मुठीतून निघालं आणि फक्त बोटं राहिली. त्या वेळी डोक्यावरची टोपली धरायची की दोन्ही हातांनी लेक, हा विचार करायला मला वेळ मिळाला नाही, आणि त्याबद्दल मी देवाचे उपकार मानते. तिनंच दुसऱ्या हातानं माझा कासोटा धरला आणि उभी राहिली.

काठावर आत्याबाई होत्या. माझी हाक घरापर्यंत गेली होती. चिखलात फतकल मारून बसल्या होत्या, दोन्ही हात पुढं केलेले. मैनाला त्यांनी अंगावर ओढून घेतलं आणि तिच्या पाठीत धपाटे घालू लागल्या. "मेले, मला म्हातारीला सांगायचं व्हतं! मी बोलते तोंडानं, तू खरं करतीस व्हय? माझ्या तोंडाला काय हाड हाय?"

"आत्याबाई, मारू नका," मी म्हणाले.

तेव्हा त्यांच्या ध्यानात आलं. "सोनू, तू बोलाया लागलीस? भात टाकलास?"

मी नाही अशी मान हलवली. आत्याबाईंनी उंबराकडे पाहिलं आणि त्यांचे हात थांबले.

घरी पोचेपर्यंत मैनाच्या कमरेत कळा आल्या. अंडी मी तशीच टोपलीसकट परसातल्या वाळूवर ठेवली आणि आबाजी कुणाचा तरी टेंपो घेऊन आले. कर्जतच्या सरकारी दवाखान्यात तिला आत नेलं. आम्ही बाहेरच्या बाकावर. आबाजी उन्हातच उभे राहिले, छपराखाली या म्हटलं तरी येईनात.

आत्याबाई माझ्या कानाशी लागल्या. "नेम मोडला तो मोडला. पण मोडला लेकरासाठी. त्यांना कळंल ना गं?"

"माहीत नाही, आत्याबाई."

"तू तरी हो म्हण."

"कशी म्हणू?"

"लटकं म्हण. मला बरं वाटंल."

मी हो म्हणाले. त्यांना बरं वाटलं नाही. मलाही नाही. आतून मैनाचा आवाज येई तेव्हा भीती वाटे आणि थांबे तेव्हा त्याहून जास्त. सातव्यात गेलेल्या त्या पोराच्या वेळी आवाज असाच थांबला होता. मी हातांच्या बोटांवर जप सुरू केला आणि प्रत्येक पेरावर विसरत गेले. मनात फक्त एकच चालू होतं. बायांनो, टोपली मी परत आणली. अंडी वाचावीत म्हणून आणली. पण तुमच्या दारातनं आणली. दोन वेळा आणली. आता तुम्ही म्हणाल ते.

ऊन कलल्यावर नर्सबाई बाहेर आल्या. घाम पुसत म्हणाल्या, "कळा थांबल्या. ठोके चांगले आहेत बाळाचे. पण आता हिला झोपवून ठेवायची. पाण्याबिण्यात कशाला गेली होती?"

आबाजी पहिल्यांदा सावलीत आले आणि बाकावर बसले. आत्याबाई म्हणाल्या, "धुणं वाहून गेलं वो बाई, ते आणाया." नर्सबाईंनी कपाळाला हात लावला.

मालोजी आले ते त्यानंतर. तोवर अंडी मी ठिपका वर करून वाळूत पुरली होती. मी काही लपवलं नाही. ते परसात बसून एकेक अंडं उजेडाला धरून बघत राहिले, मग पुन्हा वाळूत ठेवत गेले. रागावले नाहीत. त्यापेक्षा रागावले असते तर बरं झालं असतं.

"काही गेली असतील," ते म्हणाले. "काही राहतील. आता सांगता येत नाय, वहिनी. न्यायची म्हणत असाल तर नेतो."

मी काही बोलायच्या आत आतून, खाटेवरून मैनाचा आवाज आला. "नेऊ नका."

आत्याबाई दारात उभ्या होत्या. त्या दिवसापासून त्यांनी आपल्या कोंबड्या डालग्याखाली कोंडल्या, जाळीच्या बाजूला फिरकू दिल्या नाहीत.

ज्येष्ठ लागला आणि मैना बाळंत झाली. मुलगी. हडकुळी, काळी-सावळी, आणि रडायला फार वेळ लावला तिनं. सुईण तिला पाय धरून उलटी करून थोपटत होती आणि मैना वर आढ्याकडे बघत होती, आमच्यापैकी कुणाकडेच बघत नव्हती. मग ती रडली. पोपटराव चौकहून आले ते तिच्याकडे बघत उभेच राहिले. हातात घ्यायला घाबरले. "पडंल," म्हणाले.

वाळू हलली ती पुढं आषाढात. आत्याबाईंनीच आधी पाहिलं आणि ओरडल्या, "सोनू, तुझ्या वाळूला गाठी आल्या!" वाळूतून नाकं वर आली होती, तीळभर. बोटाच्या दोन पेरांएवढी पिल्लं, पाठीवर ठिपके, हातपाय मारत एकमेकांच्या अंगावर चढणारी. सगळ्या अंड्यांमधून आली नाहीत. निम्म्याहून जास्त तशीच राहिली. मालोजींनी ती फोडून बघितली आणि आम्हाला बघू दिली नाहीत. परसाच्या कोपऱ्यात पुरली. मैनानं खिडकीतून विचारलं, "किती गेली?" मालोजी म्हणाले, "ताई, आलेली मोजा." तिनं आलेली मोजली नाहीत. बाळाला पदराखाली घेऊन भिंतीकडे वळली.

मुलीला सव्वा महिना झाला त्या दिवशी पाण्याची पूजा होती. आमच्याकडे बाळंतीण पाण्याला हळदकुंकू वाहते, मग तिला पाणी मोकळं होतं. बहुतेक जणी विहिरीवरच करतात. मैना म्हणाली, "डोहावर करू. पिल्लं बी आजच सोडू." मालोजी म्हणाले, आज नदीला ओढ कमी आहे, डोहाच्या कडेला लव्हाळ्यात सोडली तर वाहून जाणार नाहीत. आबाजी सकाळीच जाऊन दगड बघून आले होते. परत जाऊन पुन्हा बघून आले.

मी भाताची वाटी घेऊन मौनातच निघाले. नेम मी दुसऱ्या दिवसापासूनच पुन्हा धरला होता. कुणाला विचारलं नाही की तो चालतो का.

उंबराखाली ओटी भरली. मग मालोजींनी घमेलं काठावर ठेवलं आणि पिल्लं एकेक करून ओल्या चिखलावर सोडली. चिखलावर ती क्षणभर थांबत, मान लांब करून बघत, आणि मग पाण्यात शिरत. पाण्याचा रंग आणि त्यांचा रंग एकच. शिरलं की दिसत नसे. एक उलटं पडलं, आत्याबाईंनी करंगळीनं सरळ केलं.

"जा गं बायांनो," त्या पाण्याकडे तोंड करून म्हणाल्या. "खाली गेल्यावर काय सांगायचं ते नीट सांगा. आमचं तोंड वाईट हाय, पोरीचं मन वाईट नाय, असं सांगा. आन् जी गेली त्यांचं..." पुढं त्यांना बोलवलं नाही. पदरानं नाक पुसून म्हणाल्या, "मालोजी, आता यातली जगतात किती?"

"फार नाय जगत, आत्या. मासे हायत, बगळे हायत."

"मग एवढं कशाला केलं?"

"एखादं जगतं."

मी भात टाकला. पाण्यावर घास तरंगत राहिला. मग पाण्यातून नाकाचं टोक वर आलं, मोठं, जुनं, आणि घास गेला. नेम पुरा झाला. मला बोलायची मोकळीक होती.

मी वर पाहिलं. मैना काठाच्या वर, पायवाटेवर उभी होती. ओटी भरण्यापुरती ती खाली आली होती. कुंकवाचं बोट तिनं उंबरालाच लावलं, पाण्याला लावलंच नाही, आणि ओटी संपताच वर गेली. बाळ दोन्ही हातांनी छातीशी धरलेलं, पदर त्याच्या डोक्यावरून घट्ट ओढलेला. नजर डोहावर नव्हती, पिल्लांवर नव्हती. ती नदीतल्या त्या म्हशीसारख्या दगडाकडे बघत होती.

"ये, बघ तरी," असं म्हणायला मी तोंड उघडलं. पण म्हणाले नाही. वाटी विसळली आणि तिच्याकडे चढू लागले.